लवू कंडक्टरची फ्रेंच वाट

लवूदादा आरोसकरांना झटका आला, ही बातमी शिरोड्याच्या बाजारात सकाळच्या ताज्या बांगड्यांच्या आधी पोचली. वेळागरच्या किनाऱ्यावर ते भलतंसलतं बोलत होते, दोन गोऱ्यांनी त्यांना स्कूटरवर मधोमध बसवून दवाखान्यात नेलं, तोंड पार वाकडं झालंय, असं मासे विकणारी नर्मदा शपथेवर सांगत होती. तोंड वाकडं झालं होतं हे खरं. फ्रेंच बोलताना त्यांचं ते होतंच.

झटकाबिटका काही नव्हता. दादांची लेक तेजस्वी फ्रान्समध्ये, लियों शहरात असते. जानेवारीत तिचं बाळंतपण. जावई बोटीवर, मार्चशिवाय उतरायचा नाही. तिची आई वारून सहा वर्षं झाली. तेव्हा बाप जाणार. व्हिसा झाला, तिकीट झालं, आणि लेकीनं अट घातली: स्टेशनवरून हॉस्पिटलपर्यंत एकटे वाट विचारत याल अशी माझी खात्री पटली तरच या. नाहीतर तिकीट रद्द करून मैत्रिणीला बोलावते. मी कळा सोसू, की हरवलेला बाप शोधू?

ही अट कुणाला, तर एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला. अर्ध्या जिल्ह्याला ज्यानं बरोबर थांब्यावर उतरवलं, त्यानं जन्मात कुणाला वाट विचारली नव्हती. त्या दिवसापासून दादांचा पाय घरात ठरेना. चहाचा कप ठेवून उठायचे, विहिरीपर्यंत फेरी मारून यायचे, तोवर चहा थंड. तोंडात एकच घोकणं: "पार्दों, लोपिताल से पार ऊ?" म्हणजे माफ करा, हॉस्पिटल कुठल्या बाजूला.

"दादानू, मंत्र कसलो तो?" शेजारच्या मंगेशनं विचारलं.

"तुझ्या श्राद्धाचो," दादा म्हणाले आणि पुढच्या फेरीला लागले.

प्रश्न पाठ झाला. उत्तर डोक्यात शिरेना. कारण डावं-उजवं शिरोड्यात चालतच नाही. इथली वाट दर्यावरून सांगतात: दर्याक पाठ कर नि सरळ चल, नाहीतर दर्या एका हाताक ठेव नि माडांच्या अंगान जा. म्हणून दादांनी मोबाइलवरून आणखी एक वाक्य पैदा केलं: "ऊ ए ला मेर?" समुद्र कुठे आहे? एकदा समुद्र सापडला की बाकीचं गाव आपसूक लागतं, अशी त्यांची खात्री.

मग एका सकाळी वेळागरला फ्रेंच बोलणारं जोडपं दिसलं. दादा घामाघूम धावत गेले आणि हॉस्पिटल कुठे म्हणून विचारलं. बाईनं घाबरून रस्ता दाखवला. त्यावर दादांनी दुसरं वाक्य टाकलं. लाटा पायांवर येतायत, समोर अख्खा दर्या पसरलाय, आणि साठी उलटलेला माणूस विचारतोय, समुद्र कुठे. त्या बिचाऱ्यांनी स्कूटर काढली नसती तरच नवल. 'मी आजारी नाही' हे दादांच्या पाठांतरात नव्हतं. दवाखान्यात नर्सबाईंनी रक्तदाब तपासला, तो मात्र खरोखरच वाढलेला.

संध्याकाळी तेजस्वीचा व्हिडिओ कॉल. तिच्यापर्यंत सगळं पोचलेलं. फोन मंगेशनं धरला, कारण दादा एका जागी उभे राहीनात.

"मी वाटेवरची बाई," ती म्हणाली. "विचारा."

दादांनी झकास विचारलं. तिनं फ्रेंचमध्ये सांगितलं: डावीकडे वळा, पूल ओलांडा, मग उजवीकडे. दादांची बोटं हवेत गोल फिरली, आणि शेवटी ते बोललेच, "ऊ ए ला मेर?"

"बाबा, हय दर्या नाय. नदी आसा."

"दर्या नाय? मगे लोक घराक कशे जातत?"

मंगेश हसला, फोन हलला. तेजस्वी हसली नाही. पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, तुमी येव नकात. उद्या तिकीट रद्द करतंय."

दादांनी फोन ओढून घेतला आणि अंगणात चालता चालताच म्हणाले, "तू जल्माक इलंस तेव्हा मी सावंतवाडीच्या गाडयेर ड्युटीक होतंय. वाट तोंडपाठ होती, तरी दुसऱ्या दिसा पोचलंय. तुझी आवस चार महिने माझ्याशी बोलाक नाय. आता वाट म्हायत नाय, तर धा माणसांक विचारतलंय. तिकीट रद्द करू नको."