एक नंबरच्या बरणीतली तिसरी

मी तिसरी पास. चौथीची पाटी मालवणकडच्या गावी राहिली आणि विसाव्या वर्षी मी करी रोडला, गावच्या अकरा माणसांच्या खोलीत बारावा म्हणून दाखल झालो. एवढ्याशा शिक्षणावर एका साहेबांनी मला प्रयोगशाळेत शिपाई म्हणून घेतलं, हे आठवलं की अजून हात आपोआप जोडले जातात. पण नोकरी हंगामी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस ते. भिंतीभिंतीवर 'झालाच पाहिजे'. ते वाचून मी मनात म्हणायचो, 'कायम झालोच पाहिजे.'

माझं काम चिखल आणायचं. आठवड्यातून एकदा ओहोटी बघून माहीमच्या खाडीत उतरायचं आणि तीन बरण्या भरायच्या: एक नंबर गटाराच्या तोंडाशी, दोन नंबर जरा पुढे, तीन नंबर समुद्राकडे. साहेब तो चिखल चाळणीत धुऊन त्यातले जीव मोजत. तीन नंबरात शिंपले, पिटुकले खेकडे निघत. दोन नंबरात थोडेफार. एक नंबरचा चिखल काजळासारखा, नासक्या अंड्याच्या वासाचा. त्याने माझी चांदीची अंगठी काळी पडली. त्यात केसाएवढे लाल किडे वळवळत, बाकी काही नाही.

"मैला साचला की खालचा चिखल गुदमरतो," साहेब सांगत. "मग या किड्यांचं राज्य." ते गिरगावातले, जुन्या मुंबईकर घरातले, मासळीवर जीव. "अरे, याच खाडीतल्या शिंपल्या, ताज्या तिसऱ्या, दारावर विकायला यायच्या. माझी आत्या अजून नाव काढते." आणि रिकाम्या चाळणीकडे असं तोंड करून बघत, की मला वाटे चूक माझीच. दोन नंबरात मिळतं ते एक नंबरात का मिळू नये? साहेबांसाठी एवढंही करू नये?

एकदा बरण्या भरून परतताना दादरच्या बाजारात कोळणीला विचारलं, "मावशी, तिसऱ्या माहीमच्या का?"

"माहीमला काय उरलंय रे मुडद्या? वर्सोव्याच्या हायत. घ्यायच्या तर घे!"

घेतल्या. एक जिवंत तिसरी एक नंबरच्या बरणीत खोल दाबली आणि ट्रामकडे निघालो. त्या दिवशी मोर्चा होता. नाक्यावर हवालदाराने अडवलं. "बरणीत काय?"

"चिखल."

"कोणाच्या तोंडाला फासायला? उघड!"

उघडली. हवालदार तीन पावलं मागे. नाकावर रुमाल धरून म्हणाला, "खयचो रे तू?"

"मालवणकडचो."

"मगे चिखल गावात कमी होतो काय? लाव झाकण आधी!"

दुपारी साहेब चाळणीवरून ओरडले, "एक नंबरात तिसरी!" त्यांनी ती धुऊन समुद्राच्या पाण्याच्या काचपात्रात ठेवली, लहान मुलासारखे तिच्याभोवती फिरले. "उद्या मोठ्या साहेबांना दाखवतो. खाडी सुधारतेय असं लिहूनच देतो! त्याच्याबरोबर तुझा कायम करायचा कागदही पाठवतो."

एका तिसरीवर गटार निर्दोष सुटणार, आणि उद्या कोणी दुसरी मागितली तर? बोलावं तर कागद गेला. न बोलावं तर साहेब तोंडघशी. खोलीवर बाकीच्या तिसऱ्यांचं कालवण झालं होतं. पहिल्यांदाच मी माझी वाटी शेजारच्याकडे सरकवली.

सकाळी साहेब काचपात्रापाशी बसले होते. तळाशी चिमूटभर वाळू. पिवळी, लख्ख. तिसऱ्या पाण्यात ठेवल्या की पोटातली वाळू ओकतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. मीच विसरलो.

"काळ्या चिखलात राहून ही पिवळी वाळू खाते होय?"

"साहेब, दादरची आहे. मीच घातली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले. "तिसरी पास ना तू? तिसरीतच नापास झालास की!" पुढे आवाज खाली आला. "बाकीच्या कुठायत?"

"खाल्ल्या."

"सगळ्या? मला एकही नाही?"

पण कागद खणातच राहिला. साहेबांनी ती तिसरी एक नंबरच्या चिखलात ठेवली, वर समुद्राचं पाणी घातलं. "जगली तर मी माझं लिहिलेलं ठेवतो. नाहीतर तू लिहायचं." मी रोज डोकावायचो, माझीच तब्येत बघितल्यासारखा. चौथ्या दिवशी ती आ वासून पडली होती. साहेबांनी आपलं पान फाडलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं: 'एक नंबर. तिसरी नाही.'

"अक्षर बरं आहे," म्हणाले, आणि खणातून कागद काढून सही केली.

त्या रविवारी पिशवीभर तिसऱ्या घेऊन मी गिरगावात त्यांच्या घरी गेलो. आत्यांनी एक उचलून हुंगली. "माहीमच्या नव्हेत या. कुठल्या रे?"

साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला विचार. तो तिसरी पास आहे."