घराण्यातला सगळ्यात जास्त टक्का

माझ्या डाव्या स्तनातली गाठ कर्करोगाची आहे हे कळलं, तेव्हा घरात सगळे गप्प झाले. गाठीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा पुढचा रिपोर्ट आला आणि सगळ्यांना एकदम बोलायला विषय मिळाला. त्यात एका ओळीत 'केआय ६७' असं लिहून पुढे टक्का दिला होता.

डॉक्टर बाईंनी शांतपणे समजावलं. पेशी एकीच्या दोन व्हायच्या कामाला लागली की तिच्यात हे प्रथिन सापडतं, आणि शंभरातल्या किती पेशी अशा कामाला लागल्यात, तो हा टक्का. माझा जास्त होता, म्हणजे गाठ घाईत होती. पण घाईतली गाठ केमोला बरेचदा चांगली दाद देते, आणि या एकट्या आकड्यावरून पुढचं काही ठरत नाही, असंही त्या म्हणाल्या. हे ऐकायला माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, केबिनमध्ये नव्हतेच. टक्का कानावर पडताच ते फोन घेऊन बाहेर गेले होते.

भासरे रेल्वेतून रिटायर झालेले. घराण्यातल्या प्रत्येक पोराचे दहावी-बारावीचे टक्के त्यांना तोंडपाठ. संध्याकाळपर्यंत माझाही टक्का कुटुंबाच्या ग्रुपवर पोहोचला. नागपूरच्या नणंदेने आधी अभिनंदन केलं. तिला वाटलं, माझ्या मुलीचा निकाल लागला. मुलगी इथल्या हिंदी मुलखात वाढलेली, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीतच उत्तर देते. ती मला म्हणाली, "मम्मी, ताऊजी से बोलो, आपका रिज़ल्ट ग्रुप से हटाएँ।" मी फोन पालथा ठेवून दिला.

मग ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी माणसं येऊ लागली. कशी आहेस असं कुणी विचारत नसे, किती आला असं विचारत. शेजारच्या दीदीने कारल्याचा रस आणला. तिची शुगर त्याने उतरली होती, तेव्हा टक्काही उतरेल असं तिचं मत. मी मान डोलावत 'हव' म्हणाले आणि रस प्यायले. टक्क्याचं माहीत नाही, तोंडाची चव मात्र गेली.

नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो. एका लॅबवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा धर्म. त्याने पहिल्या लॅबने मेणात जपून ठेवलेला माझा तुकडा दुसऱ्या लॅबकडे पाठवला. तिथे टक्का थोडा कमी आला आणि घरात दोन पक्ष पडले. नवरा कमीवाला, भासरे जास्तवाले. दोघांत जेवताना बोलणं बंद झालं. शेवटी मोठ्या जाऊबाईंनी सुचवलं, की दोन्हींची सरासरी काढा. डॉक्टर बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मोजणाऱ्याप्रमाणे थोडाफार फरक पडतोच, दोन्हीकडे टक्का जास्तच आहे आणि औषध तेच राहील. यावर दोघेही भाऊ सारखेच नाराज झाले.

केमो सुरू झाली. केस गेले, नखं काळी पडली. याला टक्का नसल्यामुळे भेटायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली आणि मला जरा झोप लागू लागली.

नंतर ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात कर्करोगाच्या पेशी सापडल्याच नाहीत, म्हणून या वेळी केआय ६७ मोजायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टर बाई हसत होत्या. नवरा खुर्चीत बसून राहिला, त्याचे डोळे भरले होते. भासऱ्यांनी रिपोर्ट उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग आता लोकाइले काय सांगाचं?"

"बरी आहे म्हणून सांगा, दादा."

त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, हे दिसत होतं. जाऊबाईंनी चहा ठेवला. कपाकडे बघतच ते म्हणाले, "मले त्या रोगाचं काहीच समजत नव्हतं. टक्का समजत होता, म्हणून तोच सांगून राहिलो."

मी त्यांच्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. त्यांनी दोन घेतली, आणि नागपूरला फोन लावायला गॅलरीत गेले.