खोकून हसणारं बाळ

तान्ह्या जिवाच्या छातीतला प्रत्येक आवाज हा निसर्गाने आईबापांना दिलेला इशारा असतो, आणि तो ओळखायला लागतो फक्त एक शांत, अभ्यासू बाप. हे वाक्य माझं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी न्हावऱ्याला शाळेत इतिहास शिकवत होतो. वाचनालयातून आणलेलं बालसंगोपनाचं जाडजूड पुस्तक माझ्या उशाशी असे. आमची छकुली आठ महिन्यांची होईस्तोवर एकदाही आजारी पडली नव्हती, त्यामुळे माझा अभ्यास अगदी निर्वेध चालला होता.

मग एका सकाळी, आबा शेतावरून घरी आल्या आल्या, ती खोकली.

आबा म्हणजे माझे वडील. दारात थांबून, मोठ्याने खाकरून मगच ते आत येत. सुनेला डोक्यावर पदर घ्यायला वेळ मिळावा, एवढाच त्या खाकरण्याचा मूळ उद्देश. पण आबांनी त्याचा समारंभ केला होता. (म्हैस रवंथ थांबवून बघायची!) ते खाकरले की माझी बायको संगीता पदर सावरत उठे, आई चहाचं आधण ठेवायला उठे, आणि मीही उठे. मी का उठे, ते मला आजही सांगता येणार नाही.

तर त्या सकाळी आम्ही सगळे उठून नुकते बसलो होतो, तोच पाळण्यातून आवाज आला. "खुऽहूं! खुऽहूं!"

सगळे पुन्हा उठलो. मी पुस्तक उघडलं.

"एक खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असतो म्हणे," मी म्हणालो. "हा तसा वाटतो का?"

"माझ्या नातीला कुत्रं म्हनतूस व्हय रं?" आई कडाडली.

कुडापलीकडून शेजारच्या शकीलाभाभींनी मान वर काढली. "कुत्रं कसलं मास्तर? शेरडं खोकत्यात तशी खोकतीया. माझ्याकडं हाईत ना, मला इचारा की!"

पुस्तकात शेरडू नव्हतं.

पुढच्या पानावर पोटाची हालचाल बघून बाळाचे श्वास मोजायला सांगितलं होतं. मी घड्याळ घेऊन बसलो. घड्याळाकडे बघितलं की पोट चुकायचं, पोटाकडे बघितलं की काटा पळालेला. शेवटी छकुलीने घड्याळच तोंडात घातलं आणि तपासणी संपली.

ताप नाही, नाक वाहत नाही, दूध व्यवस्थित पिते. फक्त दिवसातून काही वेळा जोरात खोकते, आणि खोकून झालं की चौफेर बघून हसते! तापासह खोकला, उलटीसह खोकला अशी प्रकरणं पुस्तकात होती. हसण्यासह खोकला कुठेच नव्हता. (पुस्तक भाषांतरित होतं. मी भाषांतरकाराला दोष दिला.)

आईने निखाऱ्यावर ओवा टाकून खोली कोंडून घेतली. "माझी पोर न्हाई धुरात द्यायची," म्हणत संगीता छकुलीला घेऊन सरळ अंगणात गेली. आत राहिलो आई आणि देखरेखीसाठी मी. खोलीला बरं वाटलं असावं. मला मात्र जो खोकला लागला, तो थांबेना.

तेवढ्यात आबांच्या लक्षात एक गोष्ट आली. "म्या घरात आलो की लेकरू खोकतंय. माझ्या कापडांना कडब्याची बारीक कूस चिकटल्याली आसती, त्यानं आसंल."

मला हे एकदम शास्त्रीय वाटलं. आबांनी बाहेरच्या बाहेर अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, दारात उभे राहिले आणि खाकरले.

आतून आवाज आला, "खुऽहूं!"

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजी म्याच रोग आनतोय," म्हणून ते गोठ्यात जाऊन बसले. नातीला घ्यायचं नाही, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही! जेवणाचं ताटही त्यांनी तिकडेच मागवलं. आई डोळे पुसू लागली. (तिच्या डोळ्यांत धूरही होता.) मी अ‍ॅलर्जीचं प्रकरण शोधत होतो.

संगीताने माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. "उठा. शिरूरला, दवाखान्यात. आबांनापन घ्या संगं."

जीपमध्ये आबा पार मागे, तोंडाला उपरणं लावून बसले. छकुली वाटेत एकदाही खोकली नाही. मी मात्र अखंड खोकत होतो. समोरच्या बाईने आपलं मूल पदराखाली झाकून घेतलं.

डॉक्टरीणबाईंसमोरही छकुली गप्प. "कशी खोकते?" त्यांनी विचारलं. मी करून दाखवायला गेलो आणि माझी खरीच उबळ सुटली. बाईंनी नळी माझ्या पाठीला लावली.

"किती दिवस आहे हे?"

"मला नाही हो, तिला!"

त्यांनी छकुलीला नीट तपासलं. छाती साफ, श्वास संथ. "मला तर काहीच सापडत नाही," त्या म्हणाल्या. आजोबा घरात आले की खोकते, असं संगीताने सांगितल्यावर त्यांनी बाहेर बसलेल्या आबांनाही हाक मारली. आत सून बसलेली. आबा दाराशी थांबले आणि खाकरले.

"खुऽहूं!" छकुली म्हणाली.

संगीता आणि मी उठून उभे राहिलो.

"तुम्ही का उठलात?" बाईंनी विचारलं.

त्यांनी आम्हाला बसवलं. "आजोबा, परत खाकरा."

आबा खाकरले. छकुली खोकली. आम्ही परत उठलो. छकुली हसली.

"तिला खोकला नाही," बाई म्हणाल्या. "आजोबांनी असा आवाज काढला की सगळं घर उठतं, हे ती रोज बघतेय. आता ती तुम्हाला उठवतेय."

मग जरा कडक आवाजात म्हणाल्या, "घरात धुरी अजिबात नको. एवढ्या लहान बाळाला मनाने खोकल्याचं औषध द्यायचं नाही, वर्षाच्या आत मधही नाही. दूध सोडलं, श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढायला लागल्या, तर मात्र लगेच आणायचं."

"मग ही बाटली कुणाला?" त्यांनी पुढे केलेली खोकल्याच्या औषधाची बाटली बघून मी विचारलं.

"तुम्हाला."

आबांनी उपरणं काढून नातीला उचललं. त्यांची छाती दारात मावेना. "माझ्यावर गेलीया! बापाचं कायबी घेतलं न्हाई बघा!" परतीच्या जीपमध्ये दोघं आळीपाळीने खोकत होते.

त्यानंतर आमच्या घरात आबा खाकरले की सगळे उठत. छकुली खोकली की सगळे उठत. बाटली संपेपर्यंत मीही पुष्कळ खोकलो. कुणी उठलं नाही.