सेकंदाला नव्वद चित्रं

मंगळवार पेठेत वर्षाराणीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गाळा एवढासा, की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्यानं रस्त्यावरूनच बोलावं. बाई मूळची कुरुंदवाडची. वडील चन्नाप्पा मळ्यातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. मोटार आली, की आधी पोरीचा तळहात मोटारीच्या अंगावर ठेवायचे आणि विचारायचे, किती तापलीय सांग. पुढं कोल्हापुरात डिप्लोमा झाला तिचा, पण खरी शाळा ती.

तिच्याकडं एका बुधवारी गडमुडशिंगीचे हंबीरराव आले. काखेत चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, मागं पुतणी अनुजा. ही एकोणीस वर्षांची पोरगी घरात बसून शर्यतीची गाडी पळवते. हसू नका, खेळ सोपा नव्हे. खुर्चीपुढं स्टिअरिंग, पायाखाली पेडल, डोळ्यांवर हेडसेट. मान वळवली की शेजारची गाडी अंगावर आल्यासारखी दिसते. ऑनलाइन शर्यतीच्या अंतिम फेरीत अनुजाचा नंबर लागला होता. रविवारी तासभर गाडी चालवायची होती, आणि इकडं आठवडाभर पोरीला दहा मिनिटांत ओकारी येत होती.

"ताई, ह्येच्यात दम न्हाय," हंबीरराव म्हणाले. "मोठ्यातलं मोठं ग्राफिक्स कार्ड घाला."

दुसऱ्या कुणी लगेच घातलंही असतं, कारण या खेळाची भूक मोठी. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, तीही सेकंदाला नव्वद वेळा. टीव्हीवर चार चित्रं चुकली तर गाडी नुसती अडखळते. हेडसेटमध्ये चुकली, की डोळे एक सांगतात, कानाच्या आतला तोल दुसरंच सांगतो, आणि त्या भांडणाचा निकाल पोटात लागतो.

वर्षाराणीनं कार्डाचं नावच काढलं नाही. तिनं पोरीला विचारलं, गरगरतं कधी?

"सुरवातीला न्हाय, मावशी. धा-पंधरा गाड्या म्होरं असत्यात तवा झ्याक चालतंय. तिसऱ्या फेरीनंतर रस्ता मोकळा असला तरी गरगरतंय."

इथंच बाईनं ओळखलं. बैलात दम नसता तर तो चढालाच बसला असता. हा चढ चढून सपाटीला बसतोय. म्हणजे दम आहे, पण अंगात ताप आहे; तापलं की मशीन मंदावतं आणि चित्रं चुकतात.

तिनं कॅबिनेट उघडलं. आत पंखे, जाळ्या, पत्र्याच्या बारीक पट्ट्या, सगळं गुलाबी. हंबीरराव छताकडं बघायला लागले. हळूहळू उलगडलं. अंतिम फेरीत नंबर लागल्यावर घरात गुलाल उधळला होता. पोरीवर उधळला, खुर्चीवर उधळला, आणि ज्याच्या जिवावर जिंकलो त्याला कोरडं कसं ठेवायचं म्हणून चालू मशीनवर दोन मुठी. जिंकल्यावर गुलाल टाकायचा नाही तर काय करायचं, असा त्यांचा चेहरा.

"काका, ह्येचं पंखं श्वास ओढत्यात," वर्षाराणी म्हणाली. "तुम्ही नाकातच गुलाल घातलासा की."

मग दुपारभर ती बाई एकेक पट्टी मऊ ब्रशनं झाडत बसली. चिपवरची, उष्णता बाहेर ओढणारी पेस्ट वाळली होती, ती स्पिरिटनं पुसून नवी लावली. दुकानात तासभर मशीन दामटून बघितलं, तापलं नाही. शिवाय मशीनवरचा भार हलका व्हावा म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रेक्षक आणि झाडांच्या सावल्या कमी केल्या. दीडशेच्या वेगात सावली बघायला कुणाला सवड असते?

मशीन बरं झालं, पण पोरीची भीती कोण झाडणार? रविवारी वर्षाराणी स्कूटर काढून गडमुडशिंगीला पोहोचली, तर अनुजा हेडसेट मांडीवर घेऊन बसलेली. शर्यतीला पाच मिनिटं उरली होती, आणि तो नुसता बघूनच तिला मळमळत होतं.

वर्षाराणीनं शेजारी पाट ओढला आणि मशीनच्या मागल्या जाळीवर तळहात ठेवला. "तू रस्ता बघ, बाळ. ताप मी बघते. तुला कळायच्या आधी मला कळंल."

अनुजानं हेडसेट चढवला. एक तास वर्षाराणी हललीही नाही. हंबीररावांनी चहा आणला, तो डाव्या हातानं प्याली. गाडी वळणावर दोनदा घसरली, तशी सावरली. पोरगी मात्र थांबली नाही.

तास संपला. अनुजानं हेडसेट काढला, कपाळावर त्याचा लाल वळ. सगळी तिच्या तोंडाकडं बघत होती. विसात सातवी आली होती ती, पण ते तिनं नंतर सांगितलं.

"काकी," ती आतल्या खोलीकडं ओरडली, "भाकरी टाक. लई भूक लागलीया."