गाडी कधी चुकत नाही

मास्तरीणबाईंच्या हाताखालून अर्धं शहर गाडी शिकून गेलं होतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या तोंडाला घाबरून पायी फिरत होतं. टायरच्या दुकानाशेजारी त्यांची एक खोली, भिंतीवर रहदारीच्या खुणांचे तक्ते आणि दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी: ‘गाडी कधी चुकत नाही, चालवणारा चुकतो.’ शिकणाऱ्याने सबब सांगायला तोंड उघडलं, की बाई पाटीकडे बोट दाखवायच्या. विषय संपला.

जुनी गाडी थकली तेव्हा बाईंनी कोरी विजेवरची गाडी घेतली. धूर नाही, खडखडाट नाही, त्यामुळे बाईंचं ओरडणं आता पार चौकापर्यंत ऐकू जाऊ लागलं. बाई खूश होत्या.

पण थोड्याच दिवसांत गाडीला खोड लागली. चालता चालता आपणहून ब्रेक लावायची, समोरचा स्क्रीन काळा करायची आणि ढिम्म उभी राहायची. जरा वेळाने, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. बाईंनी काय करावं? शिकणाऱ्यांना झापलं. “पाय कुठे होता?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. बिचारी मंडळी स्वतःच्याच पायांकडे संशयाने बघू लागली.

सगळ्यात जास्त खापर फुटलं ते नणंदेवर. ही त्यांच्या नवऱ्याची धाकटी बहीण, चष्म्याच्या दुकानात कामाला, समोरच्याच इमारतीत राहणारी. अर्धं आयुष्य मनाची तयारी करण्यात घालवून ती एकदाची स्टिअरिंगवर बसली होती. भर चौकात गाडी थांबली, मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला आणि बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तुला नाही जमायचं हे. सोडून दे.” ती उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने भावाच्या घरी चहाला येणंही बंद केलं.

मग एका दुपारी बाई एकट्याच गाडी चालवत असताना ती थांबली. “पाय कुठे होता?” सवयीने तोंडातून निघून गेलं. शेजारी कुणीच नव्हतं. बाईंनी वाकून स्वतःचा पाय पाहिला. तो जिथे असायला हवा तिथेच होता. बाईंना गाडीचा राग आलाच, पण त्याआधी नणंद आठवली.

दुरुस्ती केंद्रात त्या खेटे घालून दमल्या. दरवेळी एकच उत्तर: गाडी ठणठणीत आहे, शिकाऊ लोक कुठेही पाय देतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण बाईंच्याच हाताखाली गाडी शिकलेला एक वकील होता. त्याने समजावलं, की आधी कंपनीला नोटीस द्यायची, मग ग्राहक मंचात तक्रार करायची आणि तज्ज्ञाकडून गाडी तपासून मागायची. दोष मुळातला ठरला, तर नवी गाडी नाहीतर सगळे पैसे परत. “पण साक्षीदार लागेल,” तो म्हणाला. “भर चौकात थांबली तेव्हा कोण चालवत होतं?”

बाई नणंदेच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा ती चष्मा पुसत होती. बसा म्हणाली नाही.

“चूक गाडीची होती,” बाई म्हणाल्या. “आणि नंतरची माझी. तुझी नव्हती.”

“हे मंचासाठी सांगताय, की मला?”

“मंचाला नंतर सांगेन. तुला आधी.”

नणंदेने चष्मा डोळ्यांवर चढवला. बघू, एवढंच म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने पिशवीतून एक मोठा फोटो बाहेर काढला. दारावरच्या पाटीचा. पाटी तुमचीच ना, असं त्याने गोड आवाजात विचारलं. बाईंच्या वकिलाने कपाळाला हात लावला. बाईंनीच एवढ्या टपोऱ्या अक्षरांत रंगवलेला धोंडा त्यांच्याच पायावर पडला होता.

“माझीच,” बाई म्हणाल्या. “आणि ती चुकीची आहे. इतकी वर्षं मी चुकीचं शिकवत आले.”

मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. नणंद होती. चौकात काय झालं ते तिने न अडखळता सांगितलं, वहिनी काय बोलल्या तेही गाळलं नाही. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

मंचाने नेमलेला तज्ज्ञ गाडी चालवायला बसला, शेजारी बाई. वळणावर गाडी थांबली. “पाय...” म्हणून बाईंनी तोंड उघडलं आणि मुकाट्याने मिटलं. निकाल बाईंच्या बाजूने लागला, कंपनीला नवी गाडी द्यावी लागली. पाटी त्याच संध्याकाळी उतरली.

नव्या गाडीत पहिली बसली ती नणंद. छान चालवली तिने, फक्त वळताना चाक फुटपाथवर चढलं. गाडी थांबली. बाईंनी ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर पाहिलं.

“वहिनी,” नणंद म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता, “ही मात्र माझीच चूक हं.”