जवसाच्या चटणीतला सोमल

इतकी वर्षे लोटली, तरी ठाण्यातली ती मांजर आठवली की मी आजही खुर्चीत ताठ बसतो. साठच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाट-लांजी रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. नोकरीला पाच-सहा वर्षे झालेली, म्हणजे आपल्याला सगळे कळते असे वाटण्याचा काळ.

सकाळची हजेरी चालू असताना एक म्हातारी आली. गळ्यात तुळशीची माळ. तिचा मुलगा प्रवासी मोटारीवर ड्रायव्हर होता आणि दोन-तीन महिन्यांपासून खंगत चालला होता. डोके दुखे, ओकाऱ्या होत, केस गळत, तळहातांची साले निघत. चार दिवसांपूर्वी त्याला बालाघाटच्या दवाखान्यात दाखल केले होते.

"सून माह्या पोराले काही तं चारते, साहेब," म्हातारी म्हणाली. "म्या डोळ्यानं पाह्यलं. चुलीपाशी पाठ करून बसे, पिनेनं काहीतरी फोडे अन् त्याच्या जवसाच्या चटणीत पिळे."

"काय फोडत होती?"

"पिवळं दिसलं. मले पाह्यलं तं मूठ झाकली."

रोजनामच्यात नोंद करून मी तडक दवाखाना गाठला. डॉक्टर मराठीच, मोजके बोलणारे. "यकृत चांगलंच सुजलंय," ते म्हणाले. "लक्षणं सोमलाच्या विषबाधेसारखी आहेत. नमुने पाठवतो, पण अहवाल यायला महिने लागतील." वर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घरचे जेवण बंद झाल्यापासून रोग्याच्या ओकाऱ्या थांबल्या होत्या. झाले! माझ्या डोक्यात खटला उभा राहिला, साक्षीदार उभे राहिले, सत्र न्यायालयात मी जबानीसुद्धा देऊन आलो.

घराची झडती घेतली, हाती काही लागले नाही. सुनेला ठाण्यात आणले. आमच्याकडे महिला पोलीस नव्हत्या, म्हणून कोतवालाच्या बायकोला शेजारी बसवले. सून विशी-बाविशीची, अंगाने काटकुळी. म्हातारी व्हरांड्यात, उघड्या दारासमोर बसली.

"नवऱ्याच्या चटणीत काही टाकत होतीस?"

"हौ."

मी उडालोच. इतक्या झटपट कबुली माझ्या नोकरीत मला कोणी दिली नव्हती.

"काय टाकत होतीस?"

"दवाई."

"किती?"

"सकाळी पाच, सांजच्याले पाच."

"कशाची दवाई? कोणी दिली? बाटली कुठे आहे?"

तिने खाली मान घातली ती घातलीच. मी टेबलावर हात आपटला, जेलची भीती दाखवली. ती फक्त अधूनमधून दाराकडे बघे. हवालदाराने अटकेचा कागद पुढे ओढला आणि तिचे नाव लिहायला घेतले.

तेवढ्यात जप्तीच्या मालखान्यातून मांजर आली. ही बया उंदरांच्या बंदोबस्ताला ठेवलेली, पण साहेबाला काय आणि चोराला काय, कधी भीक घालत नसे. ती आज थेट सुनेच्या मांडीवर चढली आणि तिच्या कमरेच्या चंचीला नाक घासू लागली. सुनेने ढकलले, पुन्हा आली. हवालदाराने हुसकले, तरी पुन्हा आली. मी कोतवालाच्या बायकोला चंची उघडायला लावली. सुपारीच्या खांडांबरोबर तेलकट चिंधीत टोचलेली एक पिन निघाली. मी चिंधीचा वास घेतला. मासा! ज्या घरात कांदासुद्धा शिजत नाही, त्या घरच्या सुनेच्या चंचीत मासा?

माझे डोळेच उघडले म्हणा ना. म्हातारीला चहा पाजायला हवालदाराबरोबर पाठवले, दार लोटले आणि आवाज खाली आणून पहिल्यांदाच विचारले, "बाई, काहून टाकत होतीस?"

तिचा बांध फुटला. "त्याइले सांज झाली की दिसत नव्हतं, साहेब. अंगणातून घरात याले माहा हात धरत. मोटरच्या मालकाले समजलं असतं तं नोकरी सुटली असती. बकऱ्याची कलेजी चारा म्हनत होते लोक, पन माळकऱ्याच्या घरी कलेजी कशी शिजवू? किरनापूरच्या बाजारात दवाईवाल्यानं ह्या गोळ्या देल्ल्या. मासोळीच्या कलेजीचं तेल हाय म्हने. रोज एक सांगतली होती."

"मग दहा?"

"एकीनं पंधरा दिवसांत दिसू लागलं. म्हटलं, दहा देल्ल्या तं डोळे पुन्हा जाचेच नाही. मंग ते बिमार पडले, तं वाटलं ह्याच दवाईनं बरे होतील, म्हनून सोडल्या नाही."

बाटली धानाच्या कोठीत होती, हेही तिनेच सांगितले. मिळेल त्या मोटारीने गाव गाठले आणि कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. झडतीत आम्ही वरवर चाचपून परत आलो होतो, हे लिहायला आजही लाज वाटते. परतीची मोटार मी रस्त्यात आडवा उभा राहून थांबवली.

डॉक्टरांनी लेबल वाचले आणि शांत म्हणून नावाजलेला तो माणूस खुर्चीवरून उठला. "अ जीवनसत्त्व! अहो, ब जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं. हे यकृतात साठतं. थोडं हवंच, नाहीतर रातांधळेपणा येतो. पण असं रोज ओतलं तर यकृतच बिघडतं. बर्फाळ मुलखात पांढऱ्या अस्वलाचं यकृत खाणाऱ्यांची कातडी अशीच सोलून निघते!"

"माणूस वाचेल?"

"वाचेल! वेळेवर बंद झालंय."

आता उरला प्रश्न घरच्यांना सांगण्याचा. वॉर्डात ड्रायव्हरच्या खाटेजवळ सून आणि म्हातारी दोघींना उभे केले. सुनेने सगळे सांगितले, मासोळीसकट. नवऱ्याचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथेच राहिला. तो आईकडे पाहत होता. मला धास्ती होती, कारण कायद्याने ही बाई सुटली तरी घरात सुटेल याची खात्री नव्हती.

म्हातारी पुढे झाली. मग सुनेचा हात धरून म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं वो? म्याच गोळी फोडून देल्ली असती. माळ देवाची हाय, पोरगं माह्यं हाय."

मी डोळे पुसायला खिडकीशी गेलो. पोलिसाने पुसू नयेत असे कुठे लिहिलेले नाही.

अटकेचा कागद रद्द केला. पुढे अहवालही आला, सोमलाचा अंश नाही. मोटार-मालकाला फक्त यकृत सुजल्याचे कळवले, आणि डोळे तपासून डॉक्टरांनी 'ठीक' लिहिले. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. मांजरीची नोंद मात्र रोजनामच्यात केली नाही.

त्या तपासात मी काय, किती, कोणी, कुठे, सगळे विचारले होते. का, हे विचारले नाही, कारण ते मी मनातल्या मनात ठरवून बसलो होतो. त्या एका आगाऊपणापायी एक निरपराध बाई जेलात जाणार होती. पुढच्या सगळ्या नोकरीत मी तो प्रश्न पहिला विचारला.

काही महिन्यांनी म्हातारी पुन्हा ठाण्यात आली. पदराखाली पिकलेली पपई होती. डोळ्यांसाठी आता गोळ्यांऐवजी डॉक्टरांनी मुलाला पालेभाजी आणि पपई खायला सांगितली होती, त्यातलीच एक आमच्यासाठी. पपई कापताच हवालदाराने उत्साहाने दोन फोडी उचलल्या, तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"एकच घे," ती म्हणाली. "आमच्या घरचं पाह्यलं नाही का?"