तिसऱ्या रांगेत भाऊजी

जव्हारच्या बाजारपेठेत कुसुमावतीबाईंचं भांड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून अर्धा वाटा त्यांचा आणि अर्धा दीर चंद्रकांत यांचा. दोघं दिवसभर एकाच दुकानात बसतात, पण बोलतात नोकराच्या तोंडून. "भाऊजींना सांग, कुकर संपलेत." भाऊजी तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले असतात. बाईंचा स्वभाव तिखट, हे सगळी पेठ जाणते. गिऱ्हाइकाने फार घासाघीस केली की त्या भांडं उचलून परत फळीवर ठेवतात आणि तोंड फिरवतात.

यंदा चंद्रकांतच्या मुलाने, चैतन्यने, सात सीटर गाडी घ्यायचं काढलं. लग्नकार्याला सगळं घर एकत्र जाईल, एरवी दुकानाचा माल आणता येईल, असं त्याचं म्हणणं. दुकान सामाईक, म्हणून काकूंचा होकार लागणार होता.

"आधी बसून बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी शोरूमचा माणूस मुकेश गाडी घेऊन दारात आला. चैतन्य चालवणार होता. मोखाड्यावरून खोडाळ्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. चंद्रकांतनी सवयीने पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही मागे बसा. ऐसपैस आहे."

"ऐसपैस आहे ना? मग तुम्हीच बसा."

"अहो, माझी उंची बघा."

"गाडी सात माणसांची आहे. सातव्या माणसाचं काय होतं, ते घेणाऱ्याला कळायला नको?"

मुकेश घाईघाईने म्हणाला, "बसा ना सर, तिसऱ्या रांगेतही भरपूर जागा आहे." आता नाही म्हणणं म्हणजे हरणं. चंद्रकांत मधली सीट पाडून, कमरेत वाकून, गुडघ्यांवर रांगत मागे शिरले. मधल्या रांगेत चैतन्यची बायको सोनल मुलीला मांडीवर घेऊन बसली, शेजारी मुकेश. कुसुमावतीबाई पुढे बसल्या. या घराच्या गाडीत त्या आजवर कधी पुढे बसल्या नव्हत्या.

मोखाड्यापर्यंत मुकेशच बोलत होता. पुढे वळणं सुरू झाली. मागून आवाज आला, "चैतन्य, एसी वाढव. इकडे वाराच येत नाही." थोड्या वेळाने, "अरे, सीट पुढे घे कुणीतरी, गुडघे हनुवटीला लागलेत." सोनलने सीट सरकवली, तर तिचेच पाय अडकले.

"थांबव गाडी," चंद्रकांत अखेर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

चैतन्यने पाय ब्रेककडे नेला. "थांबू नकोस," काकू म्हणाल्या. "चालव. घाटात कशी चालते ते बघायचंय मला."

"काकू, तुम्ही मुद्दाम करताय," चैतन्य म्हणाला.

"हो. मुद्दाम."

चैतन्यने पुढच्याच वळणावर गाडी बाजूला घेतली, पण तोवर उशीर झाला होता. चंद्रकांतनी स्वतःच्या सदऱ्यात ओकारी केली होती. मुकेश सीटकडे बघत राहिला. गाडी सोनलने पुसली.

खोडाळ्याच्या बाजारात उतरल्यावर चंद्रकांत गाडीला टेकून उभे राहिले. भाजी घ्यायला आलेली माणसं वळून बघत होती. "सूड घेतलात," ते म्हणाले. "कसला ते तरी सांगा."

"तुमच्या चुलतभावाच्या, त्र्यंबकच्या लग्नाला निघालो होतो. मला दिवस गेलेले. जुन्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसवलंत मला, गाडी तुम्ही चालवत होतात. थांबवा म्हणाले, तर हसलात आणि टेप मोठा केलात. मी पदरात ओकले. त्याच लुगड्यावर मांडवात बसवलंत."

चंद्रकांतनी कपाळ पुसलं. "मला नाही आठवत."

कुसुमावतीबाईंचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्यांनी हे उत्तर कधी गृहीत धरलंच नव्हतं. त्या गाडीच्या मागे गेल्या आणि मुकेशला डिकी उघडायला लावली. तिसऱ्या रांगेमागे जेमतेम एक पातेलं आडवं मावलं असतं.

"माणसं नेली तर माल घरी, माल नेला तर माणसं घरी," त्या चैतन्यला म्हणाल्या. "माझा नकार."

"तुमचं काय जातं हो?" चैतन्य ओरडला. "स्वतः कुठे जात नाही, दुसऱ्यालाही जाऊ देत नाही!"

त्या स्टँडकडे चालू लागल्या. स्टँडवर जव्हारची एसटी लागली होती. गुडघा धरत, दांडीला लोंबकळत त्या कशाबशा वर चढल्या. मागून सोनल मुलीला कडेवर घेऊन आली आणि शेजारी बसली.

"तू कशाला आलीस?"

"तुमच्यासाठी नाही आले," सोनल म्हणाली. "परत जाताना मागे मलाच कोंबणार होते. त्या वासात."

"खिडकी मला लागते," बाई म्हणाल्या.

"बसा तुम्हीच."

पोरगी खिडकीकडे झेप घेत रडत होती. बाई हलल्या नाहीत.

नवी गाडी काही घरी आली नाही. चैतन्यने काकूंशी बोलणं टाकलं, आणि दिवाळीआधी दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. बाईंच्या वाट्याला आतली बाजू आली. भरदुपारीही तिथे दिवा लावावा लागतो.